टाळेबंदी (२०२०) आणि स्थलांतरित कुटुंबांचे अर्थकारण

कोविड-१९ च्या महासाथीला आळा घालण्यासाठी भारत सरकारने २४ मार्च २०२० रोजी रात्री जाहीर करून त्याच मध्यरात्रीपासून लागू केलेल्या देशव्यापी टाळेबंदीने पोटासाठी गाव सोडलेल्या मजूर कुटुंबांचा जमाखर्च कोलमडला. स्थलांतरित कुटुंब म्हणजे ज्याची कमाई एका ठिकाणी, तर घरदार, शिधापत्रिका व मतदारयादीतील नाव दुसऱ्या ठिकाणी असते असे कुटुंब. या दुभंगलेल्या रचनेमुळेच महासाथीचा आर्थिक आघात त्याला अधिक तीव्रतेने सोसावा लागला.

मुंबईतील नाका कामगार, म्हणजे रोज सकाळी ठरावीक चौकात कामाची वाट पाहणारा मजूर, किंवा भिवंडीतील यंत्रमाग कामगार यांची मजुरी काम बंद पडताच थांबली. खोलीभाडे, खानावळीचे पैसे आणि वाण्याची उधारी मात्र चढतच राहिली. एरवी शहरातून गावाकडे जाणारा पैसा अनेक कुटुंबांत उलट दिशेने वाहू लागला आणि दागिना गहाण टाकून किंवा व्याजाने काढलेली रक्कम शहरात अडकलेल्या माणसाच्या जेवणखाणासाठी व परतीच्या भाड्यासाठी पाठवावी लागली.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांची स्थिती काहीशी वेगळी होती. ‘कोयता’ म्हणजे बहुधा नवराबायकोची जोडी. ती हंगामापूर्वी मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) ‘उचल’ (आगाऊ रक्कम) घेते, ही रक्कम तोडलेल्या उसाच्या वजनावर फेडली जाते आणि जे फिटत नाही ते पुढील हंगामावर चढते. साखर कारखाने चालू असल्याने अशा जोड्यांच्या टोळ्यांचे काम तत्काळ थांबले नाही. परंतु जिल्हाबंदीमुळे त्या फडावरच अडकून पडल्या आणि एप्रिलच्या मध्यास राज्य शासनाने परवानगी दिल्यावर गावी परतल्या.

मदतीच्या योजनांचा आधार मुख्यतः नोंदलेला पत्ता हाच होता. प्रधानमंत्री गरीब कल्याण योजनेत दरडोई दरमहा ५ किलो धान्य मोफत देण्यात आले, तरी ज्यांची शिधापत्रिका गावी राहिली होती त्यांना ते शहरात मिळवणे अवघड गेले; शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांसाठी धान्याची स्वतंत्र तरतूद मे महिन्यात झाली. श्रमिक विशेष रेल्वेगाड्याही १ मेपासूनच सुटल्या. तोवर असंख्य कुटुंबे पायी निघाली होती. परतलेल्यांचा भार रोजगार हमी योजनेवर पडून २०२०-२१ मध्ये देशभरात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले. मात्र तिची सरासरी मजुरी वाढवूनही दिवसाला २०२ रुपयेच होती.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांना नेमणाऱ्या आस्थापनांची नोंदणी १९७९ च्या कायद्याने बंधनकारक केली होती, तथापि त्याची अंमलबजावणी नाममात्र राहिली. असंघटित कामगारांची राष्ट्रीय नोंदणी करणारे ‘ई-श्रम’ संकेतस्थळ २६ ऑगस्ट २०२१ रोजी, म्हणजे टाळेबंदी सुरू झाल्यानंतर सतरा महिन्यांनी सुरू झाले.