सरदार पेरूची कुळकथा आणि कलमाची पारख



विहिरीच्या थारोळ्याजवळ पेरूचं झाड नाही असं गाव सातारा-सांगलीकडं शोधावंच लागेल. त्यामुळं पेरू आपल्याच मातीतला, असं आपण धरून चालतो. पण तो मूळचा उष्ण अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी इकडं आणला असं मानतात. नावाबद्दल दोन मतं आहेत. कुणी म्हणतं, पेरू देशावरून नाव पडलं. पण पोर्तुगीज भाषेत नासपतीला ‘पेरा’ म्हणतात आणि गोव्यात आजही पेरूला ‘पेर’ म्हणतात, म्हणून मला हे दुसरं मूळ जास्त पटतं. विदर्भात ह्यालाच जाम म्हणतात, तर कोकणात जाम म्हणजे निराळंच पाणीदार फळ. तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका.

पान हातात घ्या. उजेडाकडं धरलं की बारीक ठिपके दिसतात, ते तेलाचे. चुरगाळलं की वास येतो. जांभूळ, लवंग आणि बांधावरची निलगिरीही ह्याच कुळातली. फुलात पाकळ्यांपेक्षा केसरांचा झुबकाच डोळ्यांत भरतो. पेरूची कोवळी फांदी चौकोनी, पानं समोरासमोर, शिरा पाठीमागून उठलेल्या आणि जुनी साल पापुद्र्यानं सुटणारी. एवढ्यावरून पेरू ओळखला, पण जात नाही ओळखली. माणूस फसतो तो तिथंच.

आता सरदारची हकिकत ऐका. पुण्याच्या गणेशखिंड बागेत लखनौ भागातल्या सफेदा पेरूच्या बियांची रोपं वाढवली होती. बियांची रोपं म्हणजे एका आईची दहा लेकरं, दहा तऱ्हांची. डॉ. जी. एस. चीमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाड न् झाड तपासलं आणि १९२७ साली त्यातलं एक निवडलं. तेच लखनौ-४९, पुढं ‘सरदार’ म्हणून प्रसिद्ध झालं. झाड ठेंगणं, पसरट, फांद्या भरपूर. फळ मोठं, साल थोडी खरबरीत, गर पांढरा. सफेद्याचं झाड उंच सरळ जातं आणि फळाची साल गुळगुळीत असते. हा गुण पुढच्या झाडात जसाच्या तसा हवा, तर कलमच पाहिजे. सरदारचं बी लावलं तर सरदार मिळेलच असं नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला मीच एका रोपवाटिकेतून चाळीस ‘सरदार’ आणून दिले. तीन वर्षं त्यांनी घागरीनं पाणी घातलं. चौथ्या वर्षी फळं धरली, तर कुठं गर गुलाबी, कुठं बी दाताखाली खड्यासारखं, कुठं फळ लिंबाएवढं. ते म्हणाले, “साहेब, फौज तर आली, पण सरदार कुठाय?” मला तोंड वर करता येईना. मी रोपाचं मूळ बघितलंच नव्हतं.

म्हणून आता सांगतो. घेताना पिशवीतली माती बोटानं जरा सारा. सरळ खाली गेलेलं सोटमूळ दिसलं तर ते बियाचं रोप. गुटी कलमाला सोटमूळ नसतं. फांदीच्या कापल्या टोकाभोवती मुळ्या फुटलेल्या असतात. भेट किंवा पाचर कलम असेल तर जोड दिसला पाहिजे, आणि जोडाखालचे फुटवे पुढं काढत राहा, नाहीतर तेच झाड होऊन बसतात. अंतर २० फूट ठेवलं तर एकरी शंभराच्या आसपास झाडं बसतात. पेरूला फूल नव्या फुटीवरच येतं, म्हणून उन्हाळ्यात पाणी तोडून पावसाच्या तोंडावर मृग बहार धरतात.

त्या चाळीस झाडांचं काय झालं? शेतकऱ्यानं तोडू म्हटलं, मी थांबवलं. दोन हंगाम आम्ही फळं चाखली आणि तीन झाडांवर गेरूचा पट्टा ओढला. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्याच पेन्सिलीएवढ्या फांद्यांची दोन बोटं रुंद साल काढून, ओलं शेवाळ गुंडाळून गुट्या बांधल्या. बाकीच्या झाडांवर कुऱ्हाड पडली ती त्यानंतरच.