लाइफ जॅकेट नेमकं कोणासाठी? भोपळ्यापासून कोलाडपर्यंतची गोष्ट

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी ही या एपिसोडची ट्रान्सक्रिप्ट. हेडफोन काढा आणि निवांत वाचा.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. पाठवणारा वांगणीचा. लोकल थांबते ती बदलापूरच्या पुढची वांगणी नव्हे हं, जव्हार-मोखाड्यातली. दिवाळीनंतर त्या भागातली कितीतरी घरं वीटभट्टीच्या कामाला बाहेर पडतात. या पोराने वेगळी वाट धरली. तो कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग गाइडचं काम शिकतोय. त्याचा प्रश्न असा: "दादा, पाहुण्यांना देतात तेच जॅकेट मी घालतो. स्वतःचं घ्यायचं तर कुठलं घेऊ? जास्त किलोवालं चांगलं ना?"

मी पडलो कोड लिहिणारा माणूस. पण प्रश्न डोक्यात बसला, म्हणून लाइफ जॅकेटचा इतिहास वाचून काढला. आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या इतिहासातच निघालं.

सुरुवात आपल्याकडूनच करू. गावच्या विहिरीत पोहायला शिकताना पाठीला काय बांधायचे? सुका भोपळा, नाहीतर रिकामा पत्र्याचा डबा. 'सांगड' हा शब्दसुद्धा पाण्यावरचाच. तरंगणाऱ्या वस्तू एकमेकींना बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. जगात इतरत्रही हेच चालायचं. ब्रिटिश म्युझियममध्ये असिरियाचं जवळपास २,९०० वर्षांपूर्वीचं शिल्प आहे. त्यात हवा भरलेल्या कातड्याच्या पिशव्या धरून माणसं नदी पार करताना दिसतात.

अंगात घालायचं जॅकेट मात्र बरंच उशिरा आलं. १८५४ मध्ये इंग्लंडमधल्या लाइफबोट संस्थेचे निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी कॉर्कचं जॅकेट तयार केलं. कॉर्क म्हणजे बाटलीचं बूच जिच्यापासून बनतं ती झाडाची साल. त्याचे ठोकळे कापडावर शिवायचे आणि ते अंगाभोवती बांधायचं. अवजड प्रकार, त्यामुळे खलाशांना ते फारसं आवडेना.

मग ९ फेब्रुवारी १८६१ चा दिवस आला. व्हिटबी गावच्या किनाऱ्यावर मोठं वादळ होतं. तिथल्या लाइफबोटीने एकाच दिवसात पाच फेऱ्या करून बुडत्या जहाजांवरची माणसं आणली. सहाव्या फेरीला बोट उलटली. १३ जणांपैकी १२ गेले. वाचला एकटा हेन्री फ्रीमन, कारण नवीन कॉर्क जॅकेट फक्त त्याच्या अंगावर होतं. हा फ्रीमन मूळचा विटा पाडणारा. तो धंदा बसला म्हणून समुद्राकडे वळलेला. मोखाड्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे १९०४ च्या सुमाराला कॉर्कच्या जागी कपोक आला. कपोक म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस. जव्हारच्या रानात फुलणाऱ्या काटेसावरीची ही बहीणच. त्याचे धागे आतून पोकळ आणि वरून मेणचट, म्हणून पाणी लवकर आत शिरत नाही. जगाला बराचसा कपोक जावा बेटातून मिळायचा. १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं आणि पुरवठा तुटला. तेव्हा अमेरिकेत शाळकरी पोरांकडून रानातली बोंडं गोळा करून घेतली. ते झाड कुठलं? आपल्या रुईच्या कुळातलं!

आता इथून गोष्ट वळण घेते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक समुद्रात पडायचे, अंगावर जॅकेट असायचं, तरीही मरायचे. का? बेशुद्ध माणूस तरंगायचा, पण तोंड पाण्यात! एडगर पास्क नावाच्या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने यावर जे केलं ते वाचून मी थक्क झालो. त्याने स्वतःलाच भूल द्यायला लावली. श्वासनलिकेत नळी घातली आणि त्या बेशुद्ध अवस्थेत जॅकेट चढवून त्याला पाण्यात सोडलं. कुठलं जॅकेट तोंड वर ठेवतं हे असं पुन्हा पुन्हा तपासलं. समुद्रावरच्या जॅकेटला छातीवर जाड फोम आणि मानेमागे कॉलर का असते, ते यावरून कळतं. माणूस काहीच करू शकत नाही हे धरून ते बनवलेलं असतं.

आणि नदीवरचा गाइड? त्याचं काम नेमकं उलटं. राफ्ट उलटली की त्याला पालथं पोहत पाहुण्याकडे जायचं असतं. फेकलेला दोर पकडायचा, माणसाला ओढून राफ्टमध्ये घ्यायचं. छातीवर उशी आणि मानेवर कॉलर असेल तर हात फिरणार कसे? गाइडची जॅकेटं म्हणूनच आखूड असतात, काखेत मोकळी आणि खांद्यावर मजबूत. खांदे मजबूत हवेत, कारण पाण्यातल्या माणसाला आपण जॅकेटच्या खांद्यांना धरूनच वर ओढतो.

आता आकड्यांकडे येऊ. जॅकेटवर न्यूटन लिहिलेलं असतं. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो उचल. बहुतेक मोठ्या माणसांना डोकं वर ठेवायला पाच-सहा किलो जादा उचल पुरते, कारण आपलं शरीर स्वतःच बरंचसं तरंगतं. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी. १५० न्यूटनचं खोल समुद्रासाठी, बेशुद्ध माणसाला उताणं करण्याच्या हिशेबाने. उसळत्या नदीत ५० वर थांबू नये, कारण पांढऱ्या फेसात हवा मिसळलेली असते. ते पाणी हलकं असतं आणि माणसाला कमी उचलतं. राफ्टिंगच्या पाहुण्यांसाठी साधारण १०० न्यूटनची, कॉलरवाली जॅकेटं वापरतात. गाइडने ७० ते १०० च्या दरम्यानचं, पोहता येईल असं घ्यावं. तर भावा, जास्त किलो म्हणजे जास्त चांगलं, असा सरळ हिशेब इथे लागत नाही.

कुंडलिकेचं पाणीही समजून घ्यायला हवं. मुळशी धरणाचं पाणी डोंगरातून खाली भिरा वीजकेंद्रात येतं. ते केंद्र १९२७ मध्ये सुरू झालं. वीज तयार झाली की पाणी कुंडलिकेत सोडतात आणि त्याच लाटेवर राफ्ट चालतात. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाणारं पाणी माणसाने पश्चिमेला वळवलं, आणि त्यावर आज पोरांना रोजगार मिळतो. म्हणजे इथला प्रवाह बटणावर चालतो. सकाळचा उथळ ओढा थोड्याच वेळात जोरदार नदी होतो.

आता खरेदीची यादी. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक, फोमचंच घ्या. हवा भरून फुगणारं नको, खडकाला घासलं की फाटतं.

दोन, सगळे पट्टे आवळा आणि मित्राला खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते तुमचं नाही.

तीन, छातीवर सुटा पट्टा असलेलं रेस्क्यू जॅकेट बघा. मागच्या कडीला दोर लावतात आणि समोरची गोळी ओढली की पट्टा सुटतो. दोर अडकला तर याच गोळीवर जीव असतो. पण हे वापरायचं रीतसर प्रशिक्षण घेतल्यावरच.

चार, शिट्टी हवीच.

पाच, जॅकेटवर बसू नका, उन्हात टाकू नका. दबलेला, करपलेला फोम कमी तरंगतो. दर सीझनला शांत पाण्यात घालून तपासा.

आणि एक गोष्ट कुठलंच जॅकेट करू शकत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं, तिथे खाली ते गोल फिरत राहतं आणि माणसाला परत परत आत ओढतं. अशा ठिकाणी लांबूनच काठ धरायचा.

शेवटचं. १३ जानेवारी २०१८ ला आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांनी भरलेली बोट उलटली. तीन मुली गेल्या. मुलांच्या अंगावर जॅकेटं नव्हती, असं तेव्हा बातम्यांत आलं. कॉर्कचं जॅकेट निघून तेव्हा दीडशेहून जास्त वर्षं झाली होती! म्हणून गाइड असाल तर स्वतःचं जॅकेट नीट निवडा, आणि राफ्ट सोडण्याआधी प्रत्येक पाहुण्याचे पट्टे स्वतःच्या हाताने ओढून बघा. पाहुणे असाल तर "दादा, माझे पट्टे तपासा ना" असं बिनधास्त म्हणा. त्यात लाजायचं काही नाही.

नदीवर काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर हा भाग त्यांना फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!