खलील सकाकीनी

शाळेंत शिकविलेलें तत्त्व शाळेबाहेर आचरण्याची वेळ येते, तेव्हां शिक्षकाची खरी परीक्षा होते. पॅलेस्टाइनमधील अरबी ग्रंथकार व शिक्षणज्ञ खलील सकाकीनी यांच्या चरित्राकडे आम्ही याच दृष्टीनें पाहतों. ते १८७८ सालीं यरुशलेम येथें एका ख्रिस्ती कुटुंबांत जन्मले. अमेरिकेंत शिकवण्या, भाषांतरें व कागदाच्या कारखान्यांतील मजुरी यांवर कांहीं काळ काढून १९०८ मध्यें ते स्वदेशीं परतले. त्याच वर्षीं तुर्की साम्राज्यांत राज्यघटना पुन्हां अमलांत आली होती. पुढच्या वर्षीं त्यांनीं काढलेल्या शाळेस म्हणूनच 'दस्तूरिया', म्हणजे घटनेची शाळा, असें नांव मिळालें.

या शाळेंत छडी नव्हती, गुण नव्हते, बक्षिसेंहि नव्हतीं. ती सर्व धर्मांच्या मुलांस खुली होती. अरबी भाषा, संगीत व व्यायाम यांस तेथें मान होता. भीतीनें किंवा लोभानें शिकलेला मुलगा पुढें भीतीला व लोभालाच वश होतो, असा या योजनेचा आशय आम्हांस वाटतो. पुढें त्यांनीं रचलेल्या 'अल्-जदीद' या वाचनपुस्तकांतहि हीच दृष्टि आहे. सुट्या अक्षरांची घोकंपट्टी टाळून त्याचा पहिला धडा 'डोकें' या अर्थाच्या अखंड शब्दानें सुरू होतो.

परीक्षेचा प्रसंग १९१७ च्या अखेरीस आला. तुर्की सरकार अमेरिकन नागरिकांस धरीत असतां अल्टर लेव्हिन नांवाचा ज्यू गृहस्थ आश्रयासाठीं त्यांच्या दारीं आला. ज्यू राष्ट्रवादाला सकाकीनींचा ठाम विरोध होता. तरी त्यांनीं त्यास घरांत घेतलें. दोघेहि पकडले जाऊन दमास्कसच्या तुरुंगांत गेले. पुढें इंग्रजी अंमलांत सकाकीनी अध्यापक विद्यालयाचे प्रमुख झाले. परंतु १९२० सालीं त्याच राष्ट्रवादाचे पुरस्कर्ते हर्बर्ट सॅम्युअल हायकमिशनर म्हणून नेमले जातांच त्यांनीं राजीनामा दिला. ज्या विरोधापायीं त्यांनीं अधिकारपद सोडलें, तो विरोध त्यांनीं शरणागताच्या आड येऊं दिला नाहीं. त्यांचें मोठेपण आम्हांस येथें दिसतें.

३० एप्रिल १९४८ रोजीं कातामोन भागांतील घर सोडून ते कुटुंबासह कैरोस गेले. जिवापाड जपलेला ग्रंथसंग्रह मागेंच राहिला. १९५३ सालीं पुत्र सरी वारला, आणि त्याच वर्षीं सकाकीनींनींहि देह ठेवला. १९६७ सालीं त्यांच्या कन्या यरुशलेमला गेल्या, तेव्हां तेथील राष्ट्रीय ग्रंथालयांत वडिलांचीं कांहीं पुस्तकें, त्यांच्या हातच्या टिपणांसह, त्यांच्या दृष्टीस पडलीं. घर गेलें, ग्रंथ परक्या कपाटांत गेले. परंतु तो 'डोकें' हा पहिला शब्द वाचून अरबी मुलांच्या पिढ्या साक्षर झाल्या.