आवलीचा डावा हात

आमच्या घरात एका सिनेमावरून पन्नासेक वर्षं भांडण चाललं. देवळात शिरताना तुकोबांच्या बायकोनं, आवलीनं, चप्पल कुठल्या हातात धरली होती? आजी म्हणायची डाव्या, आजोबा म्हणायचे उजव्या. सिनेमा प्रभातचा, १९३६ चा ‘संत तुकाराम’. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात तो जत्रेला आला, तो पहिल्या मतदानाच्या साली, असं आजोबा सांगत. आजीच्या हिशेबानं थोरली आत्या पोटात होती तेव्हा.

तंबू नव्हताच. दोन बांबूंना ताणलेला पांढरा पडदा, पुढं बापये, मागं बाया. मागून चित्र उलटं दिसतं हे आजीला कुणी सांगितलं नव्हतं. अक्षरओळख नसल्यानं पाट्यांवरूनही संशय आला नाही.

मशीन एकच. रीळ संपलं की काळोख, आणि दुसरं चढेस्तोवर गलका. तेवढ्या फटीत शाळेचे ड्रॉइंग मास्तर गॅसबत्ती घेऊन पडद्यापाशी उभे राहत. तरुणपणी कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवून आलेला माणूस. आमच्या देवळाच्या भिंतीवरचा गरुड त्यांच्याच हातचा. "काय बघितलंत, सांगा," म्हणायचे. गाव आधी लाजलं, मग सुटलं.

पहिल्या फटीत मास्तरांनी सांगितलं की सिनेमा करणारे दामले आणि फत्तेलाल हे दोघं बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले रंगारीच. फत्तेलाल कागलचे, सगळे त्यांना साहेबमामा म्हणतात. फत्तेलाल मुसलमान, म्हणून एका माळकऱ्यानं कपाळाला आठी घातली. पडद्यामागून कुणीतरी म्हातारी बोलली, "तुकोबाच्या गोष्टीत अनगडशा फकीर हायच की रं." विषय तिथंच मिटला.

(सिनेमातला एक अभंग शांताराम आठवल्यांनी लिहिलाय, हे मात्र मास्तर बोलले नसावेत. आमचं भजनी मंडळ अजून तो तुकोबांचाच म्हणून गातं, आणि मीही कुणाला टोकत नाही.)

पुढच्या फटीत चप्पल निघाली. पोर तापलेलं, घरात दाणा नाही, नवरा भजनात. आवली पोराला ओढत थेट विठोबावर चाल करून जाते. बापये चिडले. देवावर चप्पल? मास्तर काही न बोलता बत्ती घेऊन पडद्याच्या मागं गेले आणि बायांना विचारलं. बराच वेळ कुणी तोंड उघडेना. मग तीच म्हातारी म्हणाली, "माझं पोर असतं तर मी हाणलीच असती." आजी सांगायची, त्यावर हसू फुटलं, आणि हसता हसता दोघी-तिघी रडायलाच लागल्या. आजी त्यांत होती का, ते तिनं कधी सांगितलं नाही.

शेवटी गरुड उतरला, तुकोबा वैकुंठाला निघाले. सगळं गाव उठून उभं राहिलं. मास्तरांनीही हात जोडले. आजोबांना ते शेवटपर्यंत खटकलं: गरुड कसा रंगवतात हे ज्याला ठाऊक, त्यानं हात का जोडावेत? आजी म्हणे, "ज्यानं रंगवलाय त्यानंच जोडावेत."

हा सिनेमा मुंबईत सेंट्रल सिनेमाला वर्षाहून अधिक चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला, हे मी पुढं वाचलं. पाहिलाही, दोनदा, भांडणाचा निकाल लावायचा म्हणून. पण गौरीबाईंनी साकारलेली आवली देवळाकडं निघाली की नजर तिच्या तोंडावरून हलतच नाही. दोन्ही वेळा हात बघायचा राहून गेला.