पहिल्या फटक्याची काठी

एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, असें आपल्याकडे म्हणतात. पूल खेळणाऱ्याच्या लांबट पेटींत मात्र दोन काठ्या सुखानें नांदत असतात. त्यांतील एक नेहमींच्या खेळाची. दुसरी केवळ पहिल्या फटक्याची, म्हणजे ब्रेकची. डावाच्या आरंभीं रंगीत चेंडूंचा जो घट्ट जुडगा मांडलेला असतो, तो फोडण्यापुरतीच ही दुसरी काठी हातीं धरावयाची, एक फटका मारावयाचा आणि तिला भिंतीशीं उभी करावयाची. एका फटक्यासाठीं स्वतंत्र हत्यार! प्रथम पाहणाऱ्यास ही निव्वळ चैन वाटते. परंतु तासावयास वाकस आणि साफ करावयास रंधा घेणाऱ्या सुताराला कोणी चैनी म्हणत नाहीं. ब्रेकसाठीं वेगळा क्यू कां लागूं लागला व तो कसा निवडावा, हें उमजण्यासाठीं दोनशें वर्षांहूनहि मागें जावें लागतें. कारण या काठीचा सारा इतिहास तिच्या टोकावरील बोटाएवढ्या जागेंत घडला आहे.

बिलियर्ड हा मूळचा हिरवळीवरील खेळ. 15 व्या शतकांत फ्रान्सच्या 11 व्या लुई राजाच्या वाड्यांत त्याचें टेबल होतें, असें इतिहासकार सांगतात. खेळ घरांत आला तरी हिरवळीचा रंग त्यानें सोडला नाहीं. टेबलावर हिरवें कापड पसरलें गेलें. त्या काळीं चेंडूला आजच्यासारखा नेमका टोला देत नसत. मेस नांवाचें एक हत्यार असे. लांब दांडा आणि त्याच्या टोकास रुंद लाकडी ठोकळा. या ठोकळ्यानें चेंडू पुढें ढकलावयाचा. चेंडू कडेला चिकटून राहिला म्हणजे मात्र ठोकळ्याची अडचण होई. मग खेळाडू हत्यार उलटें फिरवी आणि दांड्याच्या शेपटीनें चेंडू मारी. शेपटीला फ्रेंच भाषेंत जो शब्द आहे, त्यावरूनच क्यू हें नांव आलें. रेशनच्या दुकानापुढें माणसांचा लागणारा क्यू आणि हा क्यू, दोन्ही एकाच शेपटीचीं अपत्यें होत. पुढें शेपटीच मुख्य झाली व डोकें गळून पडलें. तरीहि नवशिक्यांना, आणि विशेषतः स्त्रियांना, कित्येक वर्षें मेसच हातीं देत. क्यूच्या टोकानें कापड फाटेल अशी भीति घालीत. महाग कापडाच्या नांवाखालीं किती जणांना खऱ्या खेळापासून दूर ठेविलें गेलें असेल, कोण जाणे!

त्या पहिल्या क्यूचें टोक उघड्या लाकडाचें होतें. लाकूड गुळगुळीत आणि चेंडू हस्तिदंताचा, त्याहून गुळगुळीत. मध्याच्या थोडें बाजूस मारावें, तर टोक घसरून जाई. हें कोडें सोडविलें फ्रान्स्वा मेंगो या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानें. राजकीय कारणावरून त्यास पॅरिस येथें बंदिवासांत ठेवलें होतें, आणि तेथें त्याला बिलियर्डचें टेबल मिळालें होतें. क्यूच्या टोकास चामड्याची एक टिकली बसविली तर ती चेंडूला क्षणभर धरून ठेवते, हें त्याच्या ध्यानांत आलें. आपला अभ्यास पुरा व्हावा म्हणून त्यानें सुटकेचा दिवस लांबवून मागितला, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, 1807 सालीं तो बाहेर आला तेव्हां त्याच्या चेंडूला जणू बुद्धि फुटली होती. तो पुढें जाऊन मागें फिरे, कडेवर आपटून भलतीकडे वळे. लोक थक्क होऊन पाहत राहिले. 1827 सालीं त्यानें आपल्या फटक्यांचा ग्रंथहि प्रसिद्ध केला. इंग्लंडांतील बाथ येथल्या जॅक कार यानें त्या चामड्यावर साधा खडू घासला आणि तीच पूड जादूची म्हणून विकली. 1897 सालीं अमेरिकेंत स्पिंक्स व हॉस्किन्स या जोडीनें खडूच्या नव्या मिश्रणाचें पेटंट घेतलें, तेव्हां ही व्यवस्था जवळजवळ पूर्ण झाली. चामडें मृदु हवें, खडू धरणारें हवें, चेंडूला फिरकी देणारें हवें. क्यूच्या टोकाचा हा धर्म ठरून गेला.

मग ब्रेकला निराळी काठी कां? पुष्कळ काळ ती नव्हतीच. आपल्याकडील कॅरमप्रेमी माणसास हें चमत्कारिक वाटेल, कारण कॅरममध्यें सोंगट्या फोडणारा पहिला फटका जोराचाच असावयाचा. टेबलावरील खेळांची रीति वेगळी होती. 1875 सालीं जबलपूरच्या लष्करी क्लबांत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्यानें स्नूकरचा खेळ सुरू केला. त्या स्नूकरमध्यें आजहि पहिला फटका हलकाच असतो. तांबड्या चेंडूंच्या काठास जेमतेम स्पर्श करावयाचा आणि पांढरा चेंडू सुखरूप घरीं परतवावयाचा. इंग्रजी बिलियर्डमध्यें तर फोडावयास जुडगाच नसतो. पुण्यांत जन्मलेले विल्सन जोन्स यांनीं 1958 सालीं कलकत्त्यास हौशी खेळाडूंचें जागतिक विजेतेपद मिळविलें तें या बिलियर्डमध्येंच. मुंबई-पुण्याच्या जुन्या क्लबांतून जो खेळ रुजला तो हा. म्हणून तेथल्या जुन्या खेळाडूंना दुसऱ्या काठीचें नवल वाटल्यास त्यांत नवल नाहीं.

अमेरिकेंतील पूलचीहि गोष्ट प्रथम अशीच होती. तेथें विसाव्या शतकाचा बराच भाग ज्या प्रकारानें गाजविला त्यास स्ट्रेट पूल म्हणत. त्यांत कोणता चेंडू कोणत्या खिशांत घालणार हें आधीं सांगावें लागे. पंधरा चेंडूंचा जुडगा प्रथम फोडणारा म्हणजे प्रतिपक्षाला ताट वाढून देणारा! म्हणून पहिला फटका भीतभीत, दोन चेंडू कडेस लागतील इतक्याच बेतानें मारीत. 1954 सालीं विली मॉस्कोनी यानें ओहायोंतील स्प्रिंगफील्ड येथें ओळीनें 526 चेंडू खिशांत घातले, तेहि याच खेळांत. 1961 सालच्या 'द हसलर' या बोलपटांतील झुंज स्ट्रेट पूलची आहे. त्याच कथानायकास पुढें नेणारा 'द कलर ऑफ मनी' 1986 सालीं निघाला. त्यांत मात्र खेळ आहे नाइन-बॉलचा. या पंचवीस वर्षांत पूलची तऱ्हाच पालटली.

नाइन-बॉलमध्यें नऊच चेंडू. त्यांतील सर्वांत लहान आंकड्याच्या चेंडूला प्रथम स्पर्श करावयाचा, आणि 9 आंकड्याचा चेंडू खिशांत घालील त्याचा डाव. ब्रेकवर एखादा चेंडू आंत गेला कीं खेळ पुढें चालू राहतो, आणि कुशल खेळाडू प्रतिपक्षाला उठूंहि न देतां डाव संपवितो. जिंकणाऱ्यानेंच पुढचा ब्रेक करावयाचा असा करार असेल, तर समोरचा माणूस खुर्चीवर बसून केवळ खडू घाशीत राहतो. 1990 साली जर्मनींत बर्गहाइम येथें या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली व ती अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडनें जिंकली. आरंभीं चुकूं नये एवढ्यासाठीं मारला जाणारा फटका आतां डाव जिंकून देणारा ठरला होता.

जोराच्या ब्रेकचा पहिला बळी म्हणजे मेंगोची ती चामड्याची टिकली. दणक्यांनीं ती चेपते, कडांनीं छत्रीसारखी पसरते, दगडासारखी कठीण होते आणि मग खडू धरीत नाहीं. क्यू बाजारी असला तर फिकीर नसे. पण ब्रुकलिन येथील जॉर्ज बालाबुश्का (1912–1975) याच्यासारख्या कारागिराच्या हातचा क्यू असला, तर त्यावर असे घाव कोण घालील? म्हणून खेळाडू ब्रेकपुरता क्लबच्या भिंतीवरील एखादा सामान्य क्यू उचलून घेत. ब्रेकच्या क्यूचा जन्म हा असा काटकसरीपोटीं झाला. पुढें कारागिरांनीं त्यास वेगळें रूप दिलें. जाड व ताठ शाफ्ट, आणि टोकास अतिकठीण चामडें किंवा चक्क फिनॉलिक राळेची टिकली. पुलाचे चेंडूहि त्याच जातीच्या राळेचे असतात. म्हणजे घाव घालणारें आणि घाव सोसणारें एकाच कुळांतील झालें, आणि चेंडूला मृदुपणें धरण्याचा मेंगोचा शोध या एका फटक्यापुरता मुद्दाम टाकून देण्यांत आला.

निवड करतांना बहुतेकांची पहिली चूक वजनाची. जड कुऱ्हाडीनें लाकूड लवकर फुटतें, म्हणून जड क्यू मागतात. हिशेब करून पाहावा. पुलाच्या चेंडूचें वजन 5.5 ते 6 औंस, म्हणजे फार तर 170 ग्रॅम. क्यू 19 औंसांचा, सुमारें 540 ग्रॅमचा, धरला व त्याऐवजीं 21 औंसांचा घेतला, तर हाताची गति तीच राहिल्यास चेंडूची गति शेकडा अडीचांहूनहि कमी वाढते. वजनामुळें हात तेवढाच मंदावला तर लाभ शून्य. त्याहून मंदावला तर तोटाच. नियमानें 25 औंसांपर्यंत मुभा आहे, पण मुभा आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असें नाहीं. आपला नेहमींचा क्यू ज्या वजनाचा, त्याच्या आसपास, किंवा औंसभर हलका, हाच मार्ग बहुतेकांस सोईचा पडतो. याउलट कठीण टोकाचा लाभ खरा आहे. मृदु चामडें दबण्यांत फटक्याचा कांहीं जोर खातें. कठीण टोक तो जोर चेंडूकडे पोहोंचवितें.

दुसरी गोष्ट क्वचितच विचारांत घेतात, आणि खरी परीक्षा तीच. जोराच्या फटक्यांत हात किंचित् वांकडा जातोच. टोक मध्याच्या उजवीकडे लागलें तर चेंडू सरळ न जातां थोडा डावीकडे सरकतो. हें सरकणें शाफ्टच्या पुढील भागाच्या वजनावर अवलंबून असतें; तो भाग जड तर सरकणें अधिक, हलका तर कमी. पुढचा हात टेबलावर टेकून आपण जो आधार करतों, तेथून टोकापर्यंतच्या अंतराशीं हें सरकणें जुळलें, तर मागच्या हाताची चूक व चेंडूचें सरकणें एकमेकांस छाटतात आणि चेंडू बहुतांशीं नेमका ठिकाणीं जातो. म्हणून क्यू हातीं घेतल्यावर आपल्या नित्याच्या आधारावर हात ठेवावा, पांढऱ्या चेंडूवर नेम धरावा, मग मागचा हात जरासा बाजूस सरकवून जोरानें मारावें. तरीहि चेंडू नेमल्या जागीं आदळला तर तो क्यू आपला. कोरीव मूठ व झगमगीत लेप पाहून केलेली खरेदी ही घोड्याची झूल पाहून घोडा घेण्यासारखी आहे. कर्बतंतूंचे काळे शाफ्ट अलीकडे पुष्कळ दिसतात. ते ताठ व टिकाऊ असतात खरे, पण त्यांनाहि हीच कसोटी लावावी.

एवढी शक्ति गोळा झाल्यावर खेळानेंहि आपला बचाव सुरू केला. 2001 सालीं यू. एस. ओपन स्पर्धेंत कोरी ड्यूएल यानें जोराचा ब्रेक सोडून हळुवार ब्रेकनें चेंडू जणू सांगून खिशांत घातले व स्पर्धा जिंकली. तेव्हां नियमकर्त्यांची दृष्टि दोन्हीकडे वळली. कांहीं स्पर्धांतून 9 चा चेंडू पुढें घेऊन ठिपक्यावर मांडूं लागले, ब्रेकसाठीं टेबलावर एक लहानसा चौकोन आंखून दिला, आणि जिंकणाऱ्याच्या ऐवजीं आळीपाळीनें ब्रेक द्यावयास आरंभ केला. क्यूची लांबी निदान 40 इंच आणि टोकाची रुंदी फार तर 14 मिलिमीटर, हीं बंधनें आहेतच. शिवाय जागतिक संघटनेच्या नियमांत टोक चामड्याचें किंवा अन्य तंतुमय वा लवचीक द्रव्याचें असावें, असें म्हटलें आहे. फिनॉलिकच्या टोकास कित्येक आयोजक मज्जाव करतात. म्हणून स्पर्धेंत उतरणाऱ्यानें खरेदीपूर्वीं त्या स्पर्धेचा नियम वाचावा, नाहींतर पैसे देऊन घेतलेली काठी पेटींतच राहावयाची. अशा खेळाडूंसाठीं दुकानांतून चामड्याचे अनेक पातळ थर दाबून केलेल्या कठीण टिकल्या मिळतात. फिनॉलिकपेक्षां त्या थोड्या मवाळ, पण त्यांवर खडू बरा राहतो.