बंगाली कथात्म साहित्यातील स्त्रीचे मनोदुःख (आरंभीचा काळ)

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय ते शरत्चंद्र चट्टोपाध्याय या काळातील बंगाली कथा-कादंबरीचा एक मध्यवर्ती विषय. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, पण अंतःपुरातला कोंडमारा संपला नाही. त्या कोंडमाऱ्यात बाईच्या मनाचे काय होते, हे या लेखकांनी पाहिले.

बंकिमचंद्रांना हे दुःख दिसते, पण ते त्याला शिक्षाही करतात. ‘विषवृक्ष’मध्ये (१८७३) पुनर्विवाह केलेली कुंदनंदिनी विष घेते, फसवली गेलेली मोलकरीण हीरा वेडी होते. ‘चंद्रशेखर’मधील (१८७५) लग्नानंतरही दुसऱ्यावर प्रेम करणाऱ्या शैवलिनीला प्रायश्चित्तासाठी अंधाऱ्या गुहेत राहावे लागते. तिथे तिला नरक दिसू लागतो, पुढे तिला वेड लागते. हे भ्रमाचे वर्णन विलक्षण ताकदीचे आहे, पण कादंबरी ते पापाचे फळ म्हणूनच मांडते.

रवींद्रनाथ टागोरांनी हा न्यायनिवाडा बाजूला ठेवला. ‘जीवित ओ मृत’ (१८९२) या कथेतील विधवा कादंबिनीला मेली समजून स्मशानात नेतात आणि तिथे ती शुद्धीवर येते. आपण आता जिवंत नाही, घरी गेलो तर अमंगळ होईल, असे वाटून ती घरी जात नाही. आपण स्वतःचेच भूत आहोत असे तिला वाटत राहते. पुढे ती घरी परतते, तेव्हा आजारी पुतण्या तेवढा तिला न भिता काकी म्हणून ओळखतो. त्या क्षणी तिला आपण जिवंत असल्याचे कळते. इतरांना ते पटावे म्हणून ती काशाची वाटी कपाळावर मारून घेते, रक्त वाहते, तरी दीर तिला परत जाण्याची विनवणीच करत राहतो. ती तळ्यात उडी घेते. घरात जागा नसलेल्या बाईला स्वतःचे असणेही खरे वाटेनासे होते, हे इतक्या नेमकेपणाने त्याआधीच्या बंगाली कथेत क्वचितच आले असेल.

टागोरांच्याच ‘नष्टनीड’मध्ये (१९०१) ना वेड आहे ना विष; दुःख आतल्या आत राहते. चारू घरकाम नीट करते, नवऱ्याशी बोलते आणि विलायतेला गेलेल्या, मन जडलेल्या दीर अमलची खुशाली तारेने कळावी म्हणून गुपचूप दागिने गहाण टाकते.

शरत्चंद्रांच्या ‘चरित्रहीन’मध्ये (१९१७) मात्र जुनी शिक्षा परतते. साऱ्या पुस्तकात बुद्धीने सर्वांत तल्लख असलेली किरणमयी अखेरीस वेडी होते, आणि हा शेवट अन्यायाचा वाटतो. शरत्चंद्रांचे साहित्य मराठीत मुख्यतः मामा वरेरकरांच्या अनुवादांतून आले.