उंबरठा आणि रांग : बाबासाहेबांच्या २८२ गुणांपासून नीटपर्यंत

जूनमध्ये चंदगडला पावसाची झड लागते आणि त्याच दिवसांत निकालांचीही. बारावीचा आधीच लागलेला असतो, मग नीट, मग सीईटी. पूर्वी एसटी स्टँडवर भेटणारा माणूस पोराला विचारायचा, "किती टक्के पडले?" आता विचारतो, "रँक किती?" हा बदल वाटतो तितका साधा नाही. हा लेख त्याच बदलाविषयी आहे.

आमच्या अभ्यासवर्गात यावरून चांगलेच भांडण झाले. एका बाजूचे म्हणणे होते की नीट, सीईटी सगळे बंद करा आणि बारावीचे गुण धरा. प्रवेश परीक्षा हा क्लासवाल्यांचा धंदा आहे, बहुजनांच्या पोरांना बाहेर ठेवायची नवी युक्ती आहे. तेव्हा नीटचा दुसरा प्रयत्न करणारी एक मुलगी उठून म्हणाली, "बारावीच्या प्रॅक्टिकलचे गुण सरांच्या हातात असतात. उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र माझे आडनाव वाचत नाही. तुम्ही माझ्याकडून तेवढे एकच काढून घेणार काय?"

वर्गात शांतता पसरली. तिचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही, आणि पहिल्या बाजूचेही खोटे नाही. घोषणा देण्याआधी आपल्या माणसांनी या प्रश्नावर काय विचार केला होता ते पाहू या. कारण हा वाद आपल्याकडे १४० वर्षांचा जुना आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. मॅट्रिक म्हणजे आज आपण समजतो तशी शाळेची शेवटची परीक्षा नव्हती. ती विद्यापीठाने घेतलेली प्रवेश परीक्षाच होती. पहिल्या तुकडीत रानडे होते, भांडारकर होते. आपले कोणी नव्हते, आणि त्याचे कारण परीक्षेत शोधायचे नाही. विद्यापीठ निघायच्या एक वर्ष आधी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. मुलाने सरकारकडे अर्ज केला, तर मुंबई सरकारने हात वर केले. एकाला आत घेतले तर बाकीचे शाळा सोडतील, ही त्यांची भीती. चंदगड तेव्हा धारवाडला लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्यात होते. म्हणजे परीक्षा सर्वांसाठी खुली आणि परीक्षेपर्यंत नेणारी वाट बंद, हे चित्र आपल्या मुलखाने परीक्षेच्याही आधी पाहिले आहे.

१८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा ही त्यातली मागणी आपल्याला पाठ आहे. पण त्याच निवेदनात परीक्षा आणि स्पर्धा यांविषयी दोन मुद्दे आहेत आणि ते शेजारी ठेवून वाचायला हवेत. पहिला शिष्यवृत्त्यांचा. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत कागदावर न्याय्य दिसते, पण तिने खालच्या वर्गांत शिक्षण पसरत नाही, असे जोतिरावांनी सांगितले. ज्या समाजांत शिक्षण पोहोचलेच नाही त्यांना काही शिष्यवृत्त्या द्याव्यात ही त्यांची सूचना. दुसरा मुद्दा खासगी अभ्यासाचा. कॉलेजची पायरी न चढता घरी अभ्यास करून मॅट्रिकला बसायची सवलत विद्यापीठाने दिली होती. जोतिरावांनी तिचे स्वागत केले आणि तीच सवलत बी.ए., एम.ए.लाही द्या म्हणाले.

म्हणजे परीक्षेला त्यांचा विरोध नव्हता. ज्याच्याकडे फी नाही, वशिला नाही, त्याला परीक्षेत बसून आपण पात्र आहोत हे सिद्ध करता आले पाहिजे, हे त्यांना हवे होते. विरोध होता तो मोजक्या जागा आणि मोजका पैसा केवळ स्पर्धेने वाटायला. आमच्या वर्गातल्या दोन्ही बाजू जोतिरावांच्या एकाच निवेदनात सापडतात, आणि तिथे त्या एकमेकींशी भांडत नाहीत.

राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या. सांगलीच्या अभ्यंकर वकिलांना महाराजांनी पागेत नेऊन घोड्यांपुढे एकत्र टाकलेले हरभरे दाखवल्याची गोष्ट तुम्ही शंभर भाषणांत ऐकली असेल, ती पुन्हा सांगत नाही. त्या भाषणांत सहसा सुटते ते सांगतो. महाराज राखीव जागांवर थांबले नाहीत. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत बसवण्याचा हुकूम निघाला. जागा राखली आणि त्या जागेपर्यंत चालत जायची वाटही बांधली.

यातले काहीही चंदगडला लागू नव्हते. शेजारचे गडहिंग्लज करवीर संस्थानात, चंदगड ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि त्यातून एकटा चंदगड तालुका काढून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. आज आपण शाहूंच्या जिल्ह्याचे म्हणून छाती फुगवतो, पण महाराजांचा हुकूम आमच्या पणजोबांच्या घरापासून काही कोसांवर थांबलेला होता. दोन गावांतल्या मुलांची अक्कल सारखी, आणि एकाला वसतिगृह मिळाले, दुसऱ्याला नाही. आता या दोघांना एका प्रश्नपत्रिकेला बसवा आणि निकालाला गुणवत्ता म्हणा.

आता बाबासाहेबांकडे येऊ. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२, म्हणजे ३७.६ टक्के. संस्कृत शिकू दिले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली होती. परळच्या चाळीतल्या एका खोलीत अख्खे कुटुंब आणि त्यात अभ्यास. त्या २८२ गुणांसाठी अभिनंदनाची सभा भरली, सी. के. बोले अध्यक्ष होते आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. तेव्हाचे गुण आणि आजचे गुण एका फूटपट्टीने मोजता येत नाहीत, त्या काळी मॅट्रिक होणेच दुर्मीळ होते, हे मान्य. आमचा मुद्दा टक्क्यांचा नाहीच. मुद्दा हा की ती परीक्षा उंबरठा होती. उंबरठा ओलांडला की माणूस आत. तुझ्यापुढे किती जण आहेत, असे एल्फिन्स्टन कॉलेजने भीमरावांना विचारले नाही. सयाजीराव गायकवाडांनी भेटीत काही प्रश्न विचारले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या बळावर बी.ए. झाले आणि १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. आजच्या अकरावीच्या ऑनलाइन यादीत ३७.६ टक्क्यांचा मुलगा पहिल्या पसंतीचे कॉलेज मागून पाहील तर काय होईल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

कोलंबियाची गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. बाबासाहेब १९१६ साली तिथून लंडनला गेले. तीनच वर्षांनी, १९१९ साली, त्याच विद्यापीठाच्या पदवीपूर्व कॉलेजने प्रवेशासाठी थॉर्नडाइक यांची बुद्धिमापन चाचणी वापरायला सुरुवात केली. स्थलांतरित ज्यूंची मुले अभ्यासात पुढे येत होती आणि ती संख्या कॉलेजला जास्त वाटत होती. चाचणी अशी की अमेरिकी घरात वाढलेल्याला ती सोपी जावी. ज्यूंचे प्रमाण खाली आले. पुढे १९२६ साली सॅट ही परीक्षा आली. ती घडवणारे कार्ल ब्रिगहॅम यांनी तीनच वर्षांपूर्वी पुस्तक लिहून उत्तर युरोपातल्या गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ असल्याचा दावा केला होता. १९३० साली त्यांनी स्वतःच तो दावा मागे घेतला, पण परीक्षा तोवर रुळली होती. बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई याच विद्यापीठात होते. माणसांची बुद्धी मोजून त्यांना वर्गांत बसवण्याच्या या वेडावर त्यांनी १९२२ साली टीका केली. म्हणजे 'यंत्र आडनाव वाचत नाही' हे अर्धेच खरे. यंत्र वाचत नसेल, पण प्रश्नपत्रिका घराची भाषा वाचू शकते.

१९२७ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी हेच बोट ठेवले. परीक्षा आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षणाचा दर्जा वाढवायच्या नावाखाली परीक्षा इतक्या कडक केल्या जात आहेत की ज्या समाजांनी विद्यापीठाची पायरीही चढलेली नाही ते कायमचे बाहेर राहतील, असा त्यांचा आरोप होता. कडक परीक्षा म्हणजे उच्च शिक्षण, हे समीकरण मांडणारे आजही दूरचित्रवाणीवर रोज भेटतात.

मग परीक्षा काढून माणसाच्या हाती निवड द्यावी काय? तो अनुभवही आपल्याला आहे. १९८१ सालचा अजय हासिया खटला वाचावा. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० गुण आणि तोंडी परीक्षेला ५० होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांची. लेखीत मागे असलेले तोंडीत पुढे गेले. सर्वोच्च न्यायालयाने तोंडीला इतके वजन देणे मनमानी ठरवले. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसे वागवले जाते ते २००७ साली डॉ. सुखदेव थोरात समितीने पुढे आणले. तोंडी आणि प्रात्यक्षिकात मास्तरांसमोर उभे राहताना त्या मुलांना काय सोसावे लागते ते त्यात आहे. आमच्या वर्गातली मुलगी जे बोलली ते या अहवालाशेजारी ठेवले तर तिला कोणी भाबडी म्हणणार नाही.

खरा पालट नंतरचा आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशासाठी सीईटी आली. नीट सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी रद्द केली, ११ एप्रिल २०१६ रोजी तो निकाल मागे घेतला आणि लगेच त्याच वर्षी परीक्षा लागू करायचा आदेश दिला. राज्य मंडळाची पोरे एक अभ्यासक्रम शिकलेली, परीक्षा दुसऱ्यावर, आणि हातात काही आठवडे. ओरड झाल्यावर राज्यांना त्या वर्षापुरती वटहुकुमाने सूट मिळाली. २०१७ मध्ये तमिळनाडूत अरियलूर जिल्ह्यातल्या अनिताने बारावीला १२०० पैकी ११७६ गुण मिळवले, नीटमध्ये मागे पडली आणि जीव दिला. हमालाची मुलगी, आपल्याच समाजाची. पुढे त्या राज्याने नेमलेल्या न्या. ए. के. राजन समितीने दाखवले की नीटनंतर तमिळ माध्यमाची, सरकारी शाळांतली मुले मेडिकलमधून हटली आणि पुन्हा पुन्हा बसणारे वाढले. पुन्हा बसायचे म्हणजे एक वर्ष घरी आणि एका वर्षाची क्लासची फी. कोणाच्या घराला हे परवडते?

२०२४ च्या नीटला २३ लाखांहून जास्त मुले बसली. १३ लाखांवर मुले पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा सुमारे एक लाख, त्यांतल्या जवळपास निम्म्या सरकारी. म्हणजे सरकारच सांगते की हे १३ लाख डॉक्टरकी शिकायला लायक आहेत. सरकारी जागा वरच्या रँकला जातात. खासगीत ज्याला फी भरता येते तो कितीतरी मागच्या रँकवर आत जातो. २०२३ मध्ये पदव्युत्तर नीटच्या जागा रिकाम्या राहिल्या तेव्हा पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. तेव्हा गुणवत्तेच्या नावाने गळा काढणारे एकही जण आम्हाला दिसले नाहीत. श्रीमंताच्या मुलासाठी नीट उंबरठा आहे, गरिबाच्या मुलासाठी रांग. आमचे भांडण या दुहेरी हिशेबाशी आहे.

म्हणून अभ्यासवर्गातल्या दोन्ही बाजूंना आमचे सांगणे असे. परीक्षा राहू द्या, आडनाव न वाचणारी राहू द्या, पण ती सर्वांसाठी उंबरठाच असू द्या. पात्र ठरलेल्यांत सरकारी जागा कशा वाटायच्या हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला उत्तरे आहेत. तमिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी ७.५ टक्के मेडिकल जागा राखल्या, आरक्षण न मोडता, त्याच्या आत. जेएनयूने मागास जिल्ह्यांतून येणाऱ्यांना जादा गुण दिले होते. हॉलंडने तर १९७० च्या दशकापासून २०१७ पर्यंत मेडिकलच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या. चांगले गुण असलेल्याच्या चिठ्ठ्या जास्त, पण संधी सर्व पात्रांना. तिथले डॉक्टर काही वाईट निघाले नाहीत. यांतले चंदगडला काय लागू पडेल यावर वाद होऊ शकतो, व्हावा. आम्हाला सरकारी शाळेचा आणि मागास तालुक्याचा निकष सर्वांत आधी हवा.

कारण इथला मुलगा घरी चंदगडी बोलतो, शाळेत पुस्तकी मराठी शिकतो आणि अकरावीला सायन्स घेतले की एकदम इंग्रजीत पडतो. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, पण दोन वर्षे इंग्रजी पुस्तकातून शिकलेल्याला त्या मराठीचा उपयोग किती? केंद्र कोल्हापूरला, शंभर किलोमीटरच्या पुढे, म्हणून आदल्या दिवशी निघून कोणाकडे तरी मुक्काम. क्लास लावायचा तर लातूर किंवा कोटा. (लातूर पॅटर्न ज्या कॉलेजातून निघाला त्याला राजर्षी शाहूंचे नाव आहे, हा योगायोग आम्हाला नेहमी टोचतो.) आणि आता रांग मेडिकलपुरतीही राहिलेली नाही. २०२४ पासून महाराष्ट्रात बीबीए, बीसीएलाही सीईटी आहे. जी पदवी तालुक्याच्या गावात राहून साधी मुले घेत होती, तिच्यापुढेही फॉर्म, फी आणि केंद्र उभे राहिले.

या वादात आपल्या हाती एक गोष्ट नाही, ती म्हणजे आपल्याच तालुक्याचा आकडा. मागच्या दहा वर्षांत चंदगड तालुक्यातल्या शाळांतून किती मुले सरकारी मेडिकलला गेली, त्यांत अनुसूचित जातीची किती, किती जणांचे दहावीपर्यंतचे माध्यम मराठी होते आणि किती जण पहिल्याच प्रयत्नात गेले, एवढे चार प्रश्न घेऊन माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही तयार केला आहे. मसुदा त्याच मुलीने लिहिला. गडहिंग्लज, आजरा, भुदरगड, शाहूवाडी आणि सीमेपलीकडच्या खानापूरच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यासाठी तोच मसुदा वापरावा. उत्तरे आली की सगळे आकडे शेजारी शेजारी मांडू.